डी नदीचं पाणी आणि वसंतातला सॅमन

स्कॉटलंडच्या डी नदीवर सॅमनच्या गळाचा हंगाम 1 फेब्रुवारीला उघडतो आणि 15 ऑक्टोबरला बंद होतो. त्यातले फेब्रुवारी ते मे हे महिने ‘स्प्रिंगर’चे. समुद्रात दोन किंवा त्याहून जास्त हिवाळे काढून वसंतात नदीत शिरणाऱ्या सॅमनला तिथे स्प्रिंगर म्हणतात. वजन बहुधा चार-पाच किलो, अंग चांदीसारखं लखलखीत. अंडी घालायची वेळ येते थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पण हा मासा सहा-आठ महिने आधीच गोड्या पाण्यात येऊन राहतो. नदीत शिरल्यावर तो खाणं सोडतो आणि पुढचा सगळा काळ अंगातल्या चरबीवर काढतो.

म्हणजे गळाला लागतो तो भुकेमुळे नव्हे. नुकताच जागा बदलून नव्या ठिकाणी विसावलेला सॅमन समोरून काही गेलं की त्यावर झडप घालतो. त्याच जागी आठवडाभर पडून असलेला मासा मात्र डोक्यावरून शंभर वेळा गळाची बनावट माशी गेली तरी ढिम्म राहतो. मासा जागा कधी बदलतो, हे पाण्यावर ठरतं. म्हणून या मासेमारीत काठी आणि रीळ यांच्या आधी पाणी समजून घ्यावं लागतं, आणि त्यातही पाणी किती आहे यापेक्षा ते चढतंय की उतरतंय हे जास्त महत्त्वाचं.

नदीचा स्वभाव

डी नदी केअरनगॉर्म पर्वतरांगेत ब्रेरिआख शिखराच्या पठारावर, सुमारे 1,220 मीटर उंचीवर उगम पावते. ब्रेमार, बॅलटर, अबॉइन, बँकरी अशी गावं घेत साधारण 140 किलोमीटर वाहून ती ॲबर्डीनच्या बंदरात समुद्राला मिळते. मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही आणि पाणी धरून ठेवेल असं मोठं सरोवरही नाही. त्यामुळे डोंगरात पाऊस झाला की नदी झपाट्याने चढते आणि थांबला की तशीच उतरते. पात्र गोट्यांचं आणि खडीचं, पाणी एरवी नितळ.

उपनद्यांपैकी लक्षात ठेवायची ती फ्यू. दक्षिणेकडून येऊन ती बँकरीला डीला मिळते. तिचं खोरं लहान आणि उताराचं, म्हणून ती आधी चढते, आधी गढूळ होते. बँकरीच्या वर डी स्वच्छ आणि खाली मात्र तपकिरी, असं अनेकदा घडतं. म्हणून दिवसाची जागा ठरवताना फ्यूच्या पातळीचा आकडा वेगळा बघायला हवा.

आलेख कसा वाचायचा

स्कॉटलंडची पर्यावरण संस्था ‘सेपा’ नदीवरच्या मोजणी केंद्रांची पातळी सगळ्यांना खुली ठेवते. नोंद दर पंधरा मिनिटांची असते. वरच्या अंगाला मार लॉज, मग बॅलटरजवळ पॉलहॉलिक, मधे वुडएंड, खाली पार्क ही मुख्य केंद्रं. वुडएंडच्या नोंदी 1929 पासूनच्या आहेत.

पहिला गैरसमज इथेच होतो. पातळी 0.8 मीटर दिसली म्हणजे नदी तिथे 0.8 मीटर खोल आहे असं नव्हे. प्रत्येक केंद्राचं शून्य वेगळं असतं आणि आकडा त्या शून्यापासून मोजलेला असतो. म्हणून वुडएंडचा आकडा पार्कच्या आकड्याशी ताडून काही हाती लागत नाही. त्याच केंद्राचा काल, परवा आणि त्या महिन्यातला नेहमीचा आकडा यांच्याशी तुलना करायची.

दुसरी गोष्ट विसर्गाची. पावसाळ्यात खडकवासल्यातून किंवा कोयनेतून किती पाणी सोडलं हे आपण क्युसेकमध्ये ऐकतो. तिथे विसर्ग घनमीटर प्रति सेकंद असा देतात, आणि एक घनमीटर म्हणजे सुमारे 35 क्युसेक. वुडएंडला डीचा सरासरी विसर्ग 37 घनमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण 1,300 क्युसेक. पातळी आणि विसर्ग सरळ पटीत वाढत नाहीत. नदी बारीक असताना दहा सेंटिमीटर चढली तर खडीच्या उथळ पट्ट्यांवरून माशांना वाट मोकळी होते. तीच दहा सेंटिमीटर भरल्या नदीत चढली तर विसर्गात त्याहून बरीच जास्त भर पडते, पण माशांच्या हालचालीत फारसा फरक पडत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. ब्रेमारकडे चढलेलं पाणी ॲबर्डीनच्या बाजूला तासांनी उशिरा पोचतं. मार लॉजच्या आलेखातलं शिखर किती वाजता होतं आणि तेच शिखर पार्कला किती वाजता आलं, हे मागच्या दोन-तीन चढांचं जुळवून बघा. हा फरक एकदा हातात आला की उद्या सकाळी आपल्या टप्प्यावर, म्हणजे गळासाठी घेतलेल्या नदीच्या भागावर, पाणी चढतं असेल की उतरतं, हे आदल्या रात्री कळतं. मधल्या उपनद्यांवर पाऊस झाला असेल तर हा हिशोब बिघडतो, तेव्हा पाऊस कुठे पडला तेही बघायचं.

चढतं, भरलेलं, उतरतं

कोकणात पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर वलगणीचे मासे ओढ्यातून वर चढतात, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. सॅमनचं गणित त्याच्या जवळचं आहे, फक्त त्याला टप्पे आहेत.

पाणी नुकतं चढायला लागलं की पहिला अर्धा-पाऊण तास मासे जागे होतात. या वेळात एखादा मासा लागण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर पानं, काटक्या, गवताचे पुंजके वाहून येऊ लागतात, पाणी गढुळतं आणि मासे माशी घेणं बंद करतात. नदी काठोकाठ भरलेली असताना गळ टाकण्यात अर्थ नाही. मासा तेव्हा काठाजवळच्या मंद पाण्यात आसरा धरून असतो किंवा वर सरकत असतो.

खरी वेळ येते ती पाणी उतरायला लागून निवळू लागतं तेव्हा. मासे या उतरत्या पाण्यात वर सरकतात, डोहाच्या शेपटाशी, म्हणजे खालच्या टोकाशी, थोडा वेळ थांबतात, मग पुढे जातात. हे थांबलेले मासेच माशी घेतात. पाणी पुरेसं निवळलं का, याची साधी परीक्षा म्हणजे गुडघाभर पाण्यात उभं राहून आपल्या बुटाची टोकं दिसतात का बघणं. दिसली तर सुरुवात करा.

रंगातही फरक असतो. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, दलदलीतून आलेलं पाणी तपकिरी असूनही पारदर्शक असतं, त्यात मासा माशी बघू शकतो. शेतातली माती घेऊन आलेलं करडं, दुधट पाणी मात्र वाट बघायला लावतं.

मार्च-एप्रिलमध्ये ऊन पडलं की एक वेगळा आलेख दिसतो: रोज एक छोटा दात, करवतीसारखा. दुपारी डोंगरावरचं हिम वितळतं, ते पाणी रात्री किंवा पहाटे मधल्या टप्प्यांवर येतं, पातळी काही सेंटिमीटर वाढते आणि पुन्हा उतरते. या हिमपाण्याला तिथले जुने लोक ‘स्नॉ ब्री’ म्हणतात आणि त्याबद्दल कुरकुरतात. कारण पातळी बरी दिसली तरी पाण्याचं तापमान अंशा-दोन अंशांनी घसरतं आणि मासे मिटून बसतात. त्या दिवशी भल्या सकाळी थंडीत कुडकुडण्यापेक्षा दुपारी अकरा ते तीन या वेळात, पाणी जरा तापल्यावर, नदीत उतरणं शहाणपणाचं.

थर्मामीटर

खिशात पाण्याचा थर्मामीटर नसेल तर वसंतातली सॅमनची मासेमारी अर्धी आंधळी. वाहत्या पाण्यात, सावलीत, फूटभर खोल दोन मिनिटं धरून वाचायचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

पाणी साधारण 5 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर सॅमन धबधबे आणि बांध ओलांडायला धजत नाही. थंड रक्ताच्या प्राण्याचे स्नायू इतक्या गार पाण्यात त्या उडीला पुरत नाहीत. बँकरीजवळचा फ्यूचा धबधबा अशा वेळी बंद दारासारखाच. कडक हिवाळ्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये मासे बँकरीच्या खालच्या टप्प्यांत साठून राहतात. हिवाळा उबदार गेला तर तेच मासे न थांबता बॅलटरकडे निघून जातात आणि खालच्या टप्प्यांना वसंत रिकामा जातो. टप्पा आधी आरक्षित करणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात धरावी: फेब्रुवारीत खालचा भाग, एप्रिलनंतर मधला आणि वरचा.

काठी, दोरी, माशी

डीवर फ्लायची म्हणजे बनावट माशीची मासेमारी चालते. वसंतातल्या भरल्या नदीला दोन हातांची, 14 ते 15 फुटी काठी लागते आणि तिला जुळणारी 9 किंवा 10 नंबरची दोरी. मागे झाडं असल्यामुळे दोरी मागे न फेकता पाण्यावरूनच वळवून टाकतात. ही ‘स्पे’ फेक. वारा प्रवाहाच्या उलट, वरच्या बाजूला वाहत असेल तर सिंगल स्पे, प्रवाहाच्या दिशेने खाली वाहत असेल तर डबल स्पे. उलटं केलं तर माशी कानात किंवा गालात रुतू शकते, म्हणून टोपी आणि चष्मा न विसरता.

पाणी 3 ते 6 अंश असताना माशी खोल आणि संथ जायला हवी. दोरीला 10-15 फुटांचं बुडणारं टोक, त्यापुढे जेमतेम मीटर-सव्वा मीटरचा, 15 ते 20 पौंडांचा ताण सोसणारा लीडर, म्हणजे दोरी आणि माशी जोडणारा बारीक धागा, आणि 4-5 सेंटिमीटरची पितळी किंवा तांब्याची ट्यूब माशी, म्हणजे नळीवर बांधलेली माशी. पिवळा-नारिंगी-काळा हा मेळ तपकिरी पाण्यात चालतो. इथे नवखा माणूस लांब लीडर बांधतो. मग टोक बुडतं, पण माशी प्रवाहाने वर उचलली जाते आणि माशाच्या डोक्यावरून निघून जाते.

8-9 अंशांपुढे चित्र पालटतं. मासा आता वर येऊन माशी घेतो. तरंगती दोरी, तीन-चार मीटर लीडर, 6 ते 8 नंबरचा दुहेरी हूक (नंबर मोठा तितका हूक छोटा). मेमध्ये पाणी बारीक झालं की 10-12 नंबर. ही हलकी पद्धत नावारूपाला आली ती याच नदीवर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर्थर वुड यांनी बँकरीजवळच्या केअर्नटनला रेशमी दोरीला चरबी चोळून ती तरंगती ठेवली आणि छोटी माशी पृष्ठभागालगत फिरवली. दोरीत पोट पडलं की ती उचलून प्रवाहाच्या वर ठेवायची, म्हणजे माशी ओढली जात नाही. याला ‘मेंड’ करणं म्हणतात.

फेक प्रवाहाच्या खाली 45 अंशांत. माशी काठाला येईपर्यंत फिरू द्यायची, मग एक पाऊल खाली. गार पाण्यात मासा लांबून येत नाही, म्हणून पाऊल लहान. उबदार पाण्यात दीड मीटरपर्यंत चालेल. ओढ जाणवली की काठी झटकायची नाही. सॅमन माशी घेऊन वळतो आणि वळतानाच हूक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला तर त्याच्या तोंडातून माशी आपणच काढून घेतो. रीळ फिरू लागलं, वजन लागलं, की मग काठी उचला.

मासा उभा कुठे असतो

भरल्या पाण्यात मधला प्रवाह जोरकस असतो आणि मासा शक्ती वाचवायला काठाकडे सरकतो, कधी काठापासून दोन-तीन मीटरवर. आणि आपण नेमके त्याच जागी कमरेपर्यंत उतरतो. म्हणून भरल्या नदीत पहिल्या फेका काठावर उभं राहूनच, आखूड दोरीने. पाणी उतरत जातं तसे मासे मध्ये आणि डोहाच्या तोंडाकडे जातात. अगदी बारीक पाण्यात ते खोल डोहात अडकून पडतात आणि त्यांची घेण्याची इच्छा मरते. तेव्हा पहाटे किंवा तिन्हीसांजेला, जिथे खळाळ डोहात शिरतो त्या फेसाळ तोंडाशी छोटी माशी टाकायची आणि एकदा फिरून झाल्यावर डोहाला दोन तास विश्रांती द्यायची.

चढत्या पाण्यात नदी ओलांडायची नाही. उतरताना काठाला पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवा. तो बुडाला की बाहेर या. पाण्यात पानं वाढली किंवा रंग बदलला तरी तेच. फुगणारं जीवरक्षक जाकीट आणि आधाराची काठी ही चैन नाही. फेब्रुवारीच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत बधिर होतात.

केल्ट की स्प्रिंगर

फेब्रुवारी ते एप्रिल नदीत आणखी एक सॅमन असतो: आदल्या हिवाळ्यात अंडी घालून समुद्राकडे परतणारा, खंगलेला ‘केल्ट’. तोही पुन्हा चांदीसारखा दिसू लागतो, त्यामुळे फसगत होते. केल्टचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, पोट आत गेलेलं, पंख झिजलेले, गुदद्वार सैल. कल्ले हलकेच पाहिले तर त्यांवर पांढुरके परजीवी चिकटलेले दिसतात. ताज्या स्प्रिंगरच्या कल्ल्यांवर ते नसतात. त्याच्या शेपटीजवळ समुद्री उवा असू शकतात, आणि गोड्या पाण्यात त्या काही दिवसांतच गळून पडतात. उवा दिसल्या म्हणजे मासा नुकताच समुद्रातून आला आहे.

स्कॉटलंडमध्ये 31 मार्चपर्यंत लागलेला प्रत्येक सॅमन परत सोडणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि डीवर तर हंगामभर सगळेच मासे सोडले जातात. रविवारी सॅमनची मासेमारी बंद. सरकारी गळ-परवाना इथे लागत नाही, पण सॅमनचा हक्क खासगी मालमत्ता असल्यामुळे त्या टप्प्याच्या मालकाची परवानगी लागतेच. परवानगीशिवाय गळ टाकणं हा गुन्हा. कामानिमित्त ॲबर्डीनला राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं, कारण गावातल्या पुलाखालची नदीही सार्वजनिक गळाची जागा नव्हे.

सोडतानाची घाई-गडबड माशाच्या जिवावर बेतते. हूकाचा काटा आधीच चिमट्याने दाबून टाका. जाळी बिनगाठीची हवी. मासा जाळीत, पाण्यातच ठेवून हूक काढा. हात ओले हवेत. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. शेपटीला धरून उचलू नका, काठावरच्या दगडांवर तर मुळीच ठेवू नका. मग त्याचं तोंड येत्या प्रवाहासमोर, नदीच्या वरच्या बाजूला करून मंद वाहत्या पाण्यात धरा, आणि तो स्वतःहून जोर लावेल तेव्हाच हात काढा. पाणी 18 अंशांवर गेलं की मासा लवकर थकतो, लढत आखूड करावी लागते. 20 अंशांना गळ गुंडाळून घरी जायचं, कारण त्या पाण्यात सोडलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो.

पाणी बदलतंय

वर सांगितलेला सगळा हिशोब एका गृहीतावर उभा आहे: डोंगरावर हिम साठेल आणि एप्रिल-मेपर्यंत हळूहळू उतरत राहील. स्नॉ ब्री नावडतं खरं, पण तेच पाणी नदीला वसंतभर भरलेली आणि गार ठेवायचं. हिम कमी साठलं, किंवा फेब्रुवारीतच पावसाने धुऊन नेलं, की एप्रिलमध्ये नदीला आधार उरतो तो फक्त भूजलाचा. वरून पाऊसही नसेल तर रुंद, उथळ, खडीचं पात्र उन्हात झपाट्याने तापतं. ॲबर्डीनचं पिण्याचं पाणीही 1866 पासून याच नदीतून उचललं जातं, त्यामुळे कोरड्या काळात प्रत्येक घनमीटर मोलाचा होतो.

फटका फक्त वर येणाऱ्या माशांना बसत नाही. एप्रिल-मेमध्येच दोन-तीन वर्षांची पिल्लं, म्हणजे स्मोल्ट, समुद्राकडे निघतात. चढत्या, गढूळ पाण्यात ती लपून आणि वेगाने उतरतात. पाणी बारीक आणि नितळ असेल तर तीच डोहाडोहात रेंगाळतात आणि पक्ष्यांच्या, मोठ्या माशांच्या तोंडी पडतात. समुद्रात गेलेल्या शंभर स्मोल्टपैकी पाचही परत येत नाहीत, त्यामुळे नदीत गमावलेला प्रत्येक स्मोल्ट जड जातो.

दुसऱ्या टोकाला हिवाळी पूर. डिसेंबर 2015 च्या शेवटी फ्रँक वादळाच्या पावसाने डी इतकी फुगली की बॅलटर गावात पाणी शिरलं आणि खडीचे पट्टे जागचे हलले. त्या दिवसांत सॅमनची अंडी खडीखाली असतात. पट्टा हलला की तीही जातात. पुरानंतर कित्येक डोहांचा आकार बदलला. म्हणून जुन्या नकाशावर ‘इतक्या पातळीला हा डोह उत्तम’ असं लिहिलेलं असेल तर ते नोंदलं कधी, हे विचारून घ्यावं.

डीच्या गिरनॉक ओढ्यावर 1966 पासून वर जाणारे आणि खाली येणारे सॅमन मोजले जातात. स्प्रिंगर बहुधा अशाच वरच्या ओढ्यांतले असतात, आणि तिथे परतणाऱ्या माद्यांची संख्या त्या काळाच्या मानाने फार घटली आहे. 2023 मध्ये साऱ्या स्कॉटलंडमधली गळाची नोंद 33 हजारांच्या आसपास होती. 1952 पासून नोंदी आहेत, त्यांत ती तोवरची सर्वांत कमी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनची नोंद आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘संकटग्रस्त’ अशी झाली.

नदीवर जे उपाय चालले आहेत त्यांत सर्वांत कामाचा आहे तो सावलीचा. डीच्या वरच्या खोऱ्यात हरणांनी आणि मेंढ्यांनी शतकानुशतकं रोपं खाल्ल्यामुळे ओढ्यांचे काठ उघडे आहेत. दोन-तीन मीटर रुंदीच्या ओढ्यावर झाडाची सावली दिवसभर पोचते, मोठ्या नदीवर ती पोचत नाही. म्हणून लागवड मुख्य नदीऐवजी गेअर्न, म्यूइक यांसारख्या उपनद्यांवर आणि त्यांच्या ओढ्यांवर होते. अल्डर, विलो, बर्च, रोवन अशी देशी झाडं, भोवती हरणांना अडवणारं उंच कुंपण. सोबत मुळांसकट आख्खी झाडं पात्रात आडवी रोवून ठेवतात. त्यांच्याभोवती पाणी खोल खणतं, मागे बारीक खडी साचते, आणि नदी बारीक असतानाही पिल्लांना खोल, गार, लपायला जागा असलेला डोह मिळतो.